एकनामी पूर्वजांचा निर्णय : हुपरीच्या परिसरांतील वंशावळींविषयीं कांहीं विचार

हातकणंगले तालुक्यांतील हुपरी हें गांव आज चांदीच्या दागिन्यांच्या धंद्याकरितां सर्वत्र ओळखलें जातें. इतिहासाच्या अभ्यासकास मात्र या गांवाचा परिसर आणखी एका कारणाकरितां लक्ष देण्याजोगा वाटतो. एका बाजूस कोल्हापूरची गादी, दुसऱ्या बाजूस कागलचे घाटगे, शेजारीं इचलकरंजीचे घोरपडे, कागल तालुक्यांतच सेनापति घोरपड्यांची कापशी, आणि दक्षिणेस चिकोडी-निपाणीचा मुलूख, अशा अनेक सत्तांच्या सांध्यावर हा प्रदेश वसलेला आहे. त्यामुळें येथील एकाच वतनी घराण्याचे कागद एका ठिकाणीं सांपडत नाहींत. कांहीं कोल्हापूरच्या पुराभिलेखागारांत, कांहीं पुण्याच्या पेशवे दप्तरांत, कांहीं बेळगांवकडे, तर कांहीं घरच्या रुमालांत बांधून पडलेले असतात. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजीं मुंबई इलाख्यांत विलीन झालें, आणि १९५६ सालीं राज्यांची पुनर्रचना होऊन बेळगांव जिल्हा म्हैसूर राज्यांत गेला. या दोन घटनांनीं एका कुळाच्या कागदांवर दोन राज्यांची सीमा येऊन पडली. अशा विखुरलेल्या कागदांवरून वंशावळ जुळवूं लागलें म्हणजे जी अडचण सर्वांआधीं उभी राहते, ती एकाच नांवाच्या अनेक पुरुषांची. तिचाच विचार आम्ही येथें करणार आहों.

ही अडचण लेखकांच्या निष्काळजीपणानें उत्पन्न झालेली नाहीं. ती आमच्या कुळाचारांतच आहे. थोरल्या नातवास आजोबांचें नांव ठेवावें ही चाल महाराष्ट्रांत सर्व जातींत रूढ होती. वडील पुरुष गेला म्हणजे तो नातवाच्या रूपानें घरांत परत आला, ही भावना तिच्या मुळाशीं होती. परंतु सासऱ्याचें नांव सुनेनें उच्चारूं नये असाही दंडक असल्यामुळें, त्या नातवास हांक मारण्यासाठीं दुसरें नांव शोधावें लागे. आणि आबा, बाबा, दादा, तात्या, अण्णा, नाना, बापू या सात-आठ शब्दांतच सगळें घर उरकावें लागे. म्हणजे पाळण्यांतलें नांव एका पिढीआड परत येई, आणि हांकेचें नांव तर दर पिढीस परत येई. मातबर घराण्यांतील दोन-अडीचशें वर्षांच्या कागदांत पांच-सहा नांवेंच पुनःपुन्हां फिरतांना दिसतात, त्याचें कारण हें होय.

यांतून होणारी चूक किरकोळ असती तर तिच्यासाठीं इतका शब्दप्रपंच करण्याचें प्रयोजन नव्हतें. पण दोन पुरुषांचा एक केला म्हणजे एकाचें कर्तृत्व दुसऱ्याच्या खात्यावर जातें, एक पिढी गळते, आणि मधल्या पिढीच्या भावांचे वंशज नकळत परके ठरतात. १८५२ च्या ११ व्या कायद्यानें मुंबई इलाख्यांत इनाम कमिशनची चौकशी सुरू झाली, तेव्हां मूळ इनामदारापासून आपल्यापर्यंतचा वंश दाखविणें हा शेंकडों कुटुंबांच्या पोटाचा प्रश्न झाला होता. पुढें वतनें कायद्यानें खालसा झालीं. परगणे व कुळकर्णी वतनांचा कायदा १९५० चा आहे. तरी वंशाचा प्रश्न मिटला नाहीं. २०२३ सालीं निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखालीं कुणबी नोंदींच्या शोधासाठीं समिति नेमली गेली, आणि जुन्या मोडी कागदांतील एखाद्या नांवावर आजच्या माणसाचा हक्क अवलंबून राहूं लागला. जुन्या नोंदींतील माणूस आपलाच पूर्वज कीं त्याच्याच नांवाचा शेजारी, हा प्रश्न यामुळें केवळ हौशी संशोधकाचा राहिलेला नाहीं. खऱ्या वारसास नाकारणें आणि परक्यास वारस मानणें, हे दोन्ही दोष एकाच गफलतीचीं फळें आहेत.

विवेचनासाठीं आम्ही हुपरीच्या शेजारचेंच, छापील इतिहास असलेलें एक घराणें घेतों. तें इचलकरंजीकर घोरपड्यांचें. वासुदेव वामन खरे यांनीं १९१३ सालीं या संस्थानाचा इतिहास प्रसिद्ध केला, त्यामुळें येथील पुरुषांचा क्रम सर्वांस ज्ञात आहे. मूळ पुरुष नारो महादेव. त्यांचे पुत्र व्यंकटराव यांचा विवाह पेशवे बाळाजी विश्वनाथ यांची कन्या अनुबाई हिच्याशीं झाला. ते १७४५ त वारले. त्यांचे पुत्र नारायणराव तात्या १७४५ ते १७७०. त्यानंतर व्यंकटराव दादासाहेब १७७० ते १७९५. त्यांच्यामागें नारायणराव बाबासाहेब १७९५ ते १८२७. त्यानंतर पुनः व्यंकटराव १८२७ ते १८३८. मग केशवराव तात्यासाहेब १८३८ ते १८५२. पुनः एक व्यंकटराव १८५२ ते १८५४. पुढें गोविंदराव आबासाहेब १८६४ ते १८७६, आणि शेवटीं नारायणराव गोविंद बाबासाहेब १८७६ ते १९४३. मूळ पुरुष धरून दहा नांवांत चार व्यंकटराव, आणि 'नारो' हें नारायणाचेंच रूप असल्यामुळें चार नारायण!

आतां ओळख पटविण्याचीं नेहमींचीं साधनें येथें लावून पाहावीं. पहिलें साधन बापाच्या नांवाचें. 'नारायण व्यंकटेश' अशी सही किंवा उल्लेख आढळला, तर तो कोणाचा? नारायणराव तात्या हे व्यंकटरावांचे पुत्र आणि १७९५ नंतरचे नारायणराव हेही व्यंकटरावांचेच. म्हणून बापाचें नांव येथें मुळींच उपयोगी पडत नाहीं. उपयोगी पडतें तें हांकेचें नांव : एक तात्या, दुसरे बाबासाहेब. पण याच हांकेच्या नांवावर भरंवसा ठेवून पुढें गेल्यास १७९५ चे बाबासाहेब आणि १८७६ चे बाबासाहेब यांचा घोटाळा होतो. दोघेही नारायणराव, दोघेही बाबासाहेब. येथें हांकेचें नांव निरुपयोगी, आणि बापाचें नांव निर्णायक. कारण एकाचे वडील व्यंकटराव, तर दुसऱ्यांचे गोविंदराव. तसेंच नुसता 'तात्या' म्हणावा तर नारायणरावही तात्या आणि केशवरावही तात्यासाहेब. यावरून वाचकांच्या लक्षांत येईल कीं, कोणतीही एक खूण सर्वत्र पुरी पडत नाहीं. जी खूण एके ठिकाणीं निर्णय देते, तीच दुसऱ्या ठिकाणीं फसविते. म्हणून किमान तीन स्वतंत्र खुणा जुळल्याखेरीज दोन उल्लेख एकाच पुरुषाचे मानूं नयेत, असा नियम आम्ही सुचवितों.

याच घराण्यांत एक खूण मात्र अशी आहे कीं, तिच्याकडे वंशावळी करणारांचें सहसा लक्ष जात नाहीं. ती खूण म्हणजे अनुबाई. अनुबाई १७८३ पर्यंत जिवंत होती. पतीचा, पुत्राचा आणि नातवाचा असे तिन्ही काळ तिनें पाहिले आणि कारभारावरही तिचा हात होता. तिच्याबरोबर 'व्यंकटराव' हें नांव आलें, तर कागद १७४५ च्या पूर्वींचा असल्यास तो पति असण्याचा संभव. त्यानंतर हयात असलेला व्यंकटराव तिच्या शेजारीं दिसला, तर तो नातूच असला पाहिजे. मातोश्री या नात्यानें तिचा उल्लेख असेल तर बोलणारा नारायणराव तात्या. आजी या नात्यानें असेल तर व्यंकटराव दादा. पुरुषांचीं नांवें रहाटगाडग्याप्रमाणें फिरत असतां घरांत आलेली स्त्री मात्र त्या फेऱ्याच्या बाहेर राहते, कारण ती परक्या घरांतून येते आणि तिचें नांव सासरच्या परंपरेंतून ठरत नाहीं असें पुष्कळदां घडतें. आमच्या वंशावळींत स्त्रियांचीं नांवें गाळण्याची वाईट चाल आहे. तिनें स्त्रियांवर अन्याय तर झालाच, पण पुरुषांची ओळखही हरवली. साध्या गांवकीच्या कागदांत 'कोम' या शब्दानें विवाहितेच्या पतीचें नांव दिलेलें असतें; असा प्रत्येक उल्लेख संशोधकानें जपून टिपला पाहिजे. एक एवढें लक्षांत ठेवावें कीं लग्नांत मुलीचें नांव बदलत असे. माहेरच्या व सासरच्या कागदांत एकीच्या दोघी होण्याचा धोका तेथें आहेच.

दुसरी कसोटी कालाची. ती सर्वांत बळकट, पण काळजीपूर्वक न वापरल्यास सर्वांत घातक. आमच्या कागदांत शालिवाहन शक, राज्याभिषेक शक, फसली, हिजरी आणि सुहूर सन अशा निरनिराळ्या गणना आढळतात. सुहूर सनांत ५९९ मिळविले असतां ज्या इसवी सनाच्या मृगांत तो सन सुरू झाला तें वर्ष येतें. दक्षिणी फसलींत ५९० मिळवावे लागतात. म्हणजे दोहोंत नऊ वर्षांचें अंतर. कागदावर नुसता '११८०' असा आंकडा असेल, आणि तो फसली असेल, तर तें १७७०-७१ साल. सुहूर असेल तर १७७९-८०. वर दिलेल्या घराण्यांत पहिलें वर्ष नारायणराव तात्यांच्या मृत्यूच्या सुमाराचें, आणि दुसरें त्यांच्या पुत्राच्या अमदानीच्या मध्यावरचें. सनाचा प्रकार चुकला कीं पुरुष बदलला, असा हा मामला आहे.

याहून मोठा खड्डा सुहूर सनाच्या लेखनपद्धतींत आहे. तो सन अंकांबरोबर अरबी शब्दांनींही लिहीत. 'सलास सबैन मया व अलफ' म्हणजे तीन, सत्तर, शंभर व हजार, मिळून ११७३, अर्थात् १७७२-७३. परंतु लेखकानें घाईनें 'सलास सबैन' एवढेंच लिहिलें, तर वाचणारास १०७३ घेण्यासही मोकळीक राहते, व कागद १६७२-७३ चा, म्हणजे शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकापूर्वींचा ठरतो. पूर्ण शंभर वर्षांचा फरक! आपलें घराणें जितकें जुनें तितकें चांगलें ही इच्छा मनांत धरून कागद वाचणारास पहिलेंच साल बरें वाटतें. मोडी लेखनांत 'सबैन' व 'तिसैन' यांचाही घोटाळा होतो, व तो वीस वर्षांचा असतो.

कित्येकदां संवत्सराच्या नांवावरून निर्णय करण्याचा मोह होतो. संवत्सरें साठ असून तीं साठ वर्षांनीं परत येतात. शके १६९२ विकृति संवत्सर, तसेंच शके १६३२ व शके १७५२ हींही विकृतिच. आजा व नातू यांच्या कर्तेपणांत साधारणपणें पन्नास-साठ वर्षांचेंच अंतर असतें. म्हणजे ज्या गतीनें नांवें परत येतात, जवळजवळ त्याच गतीनें संवत्सरेंही परत येतात, आणि आजा-नातवांचा निवाडा करण्यास संवत्सर एकटें असमर्थ ठरतें. त्यास तिथि, वार व मास यांची जोड दिली, आणि मोडक यांच्या किंवा स्वामिकन्नू पिल्ले यांच्या कोष्टकांशीं ताडून पाहिलें, तर मात्र काम होतें. कारण अमुक तिथीस अमुक वार हा योग साठ वर्षांपूर्वींही तसाच असेल असें नाहीं.

तिसरी कसोटी सत्ताधीशांची. कागदांत 'शिवछत्रपति' किंवा 'शिवाजी महाराज' असें नांव आल्याबरोबर त्यास शिवकालीन म्हणण्याची चूक कोल्हापूर प्रांतांत फार सोपी आहे. या गादीवर ताराबाईंचे पुत्र शिवाजी १७१४ पर्यंत होते. जिजाबाईंनीं दत्तक घेतलेले शिवाजी १७६२ ते १८१३. बाबासाहेब म्हणून ओळखले जाणारे शिवाजी १८३८ ते १८६६. आणि पुनः दत्तक आलेले शिवाजी १८७१ ते १८८३. संभाजींचीही गत तीच. एक १७१४ ते १७६०, व दुसरे आबासाहेब १८१३ ते १८२१. अशा वेळीं मुद्रा, मोर्तब, कागदाचा पोत, अक्षराचें वळण, आणि विशेषतः बरोबरच्या अधिकाऱ्यांचीं नांवें पाहावीं. राजाचें नांव पांच वेळां परत येईल. परंतु राजा, अमात्य, कमाविसदार आणि गांवचा कुळकर्णी ही चौकडी जशीच्या तशी दुसऱ्या पिढींत परत येणें जवळजवळ अशक्य आहे. माणूस नांवावरून ओळखूं नये, संगतीवरून ओळखावा, हें या कामीं अक्षरशः खरें आहे.

'थोरले' व 'धाकटे' या विशेषणांविषयींही एक सूचना करणें अवश्य वाटतें. थोरले माधवराव १७७२ त वारले. सवाई माधवराव १७७४ त जन्मले. थोरले बाजीराव १७४० त निवर्तले. रघुनाथरावांचे पुत्र बाजीराव १८५१ त बिठुरास वारले. दुसरा जन्मास येईपर्यंत पहिल्यास या अर्थानें 'थोरले' म्हणण्याचें कारणच पडत नाहीं. म्हणून जो कागद आपणांस १७३५ चा म्हणवितो आणि त्यांत 'थोरले बाजीराव' असे शब्द आहेत, तो मागाहून तयार केलेला असला पाहिजे. हीच दृष्टि गांवच्या महजरास लावावी. ज्या कागदांत एखाद्या पाटलास 'वडील राणोजी' म्हटलें आहे, तो कागद धाकट्या राणोजीच्या माहितीचा आहे हें उघड होय. त्याचप्रमाणें 'कैलासवासी', 'तीर्थरूप', 'चिरंजीव' हे मायन्यांतील शब्द शोभेचे नसून पुराव्याचे आहेत. नावामागें 'कैलासवासी' लागलें कीं त्या तारखेपूर्वीं तो पुरुष गेला होता हें निश्चित, व पुढल्या कागदांतला त्याच नांवाचा कर्ता पुरुष दुसराच.

आडनांव व किताब यांवर विसंबणारांसही या प्रदेशांत सांभाळून राहावें लागतें. नारो महादेव हे ब्राह्मण असून संताजी घोरपडे यांच्या आश्रयानें वाढले व त्यांचेंच आडनांव त्यांनीं धारण केलें. म्हणून कोल्हापूर प्रांतांत 'घोरपडे' हें आडनांव एकाच कुळाचें दर्शक नाहीं. कापशीचे घोरपडे निराळे, इचलकरंजीचे निराळे. राजारामांच्या कारकीर्दींत घोरपडे बंधूंपैकीं संताजींस 'ममलकतमदार' व बहिर्जींस 'हिंदुराव' असे किताब मिळाले. पुढें तेंच 'हिंदुराव' कागलकर घाटग्यांच्या घरांत व्यक्तीचें नांव म्हणून दिसतें; दिल्लीचें हिंदुराव रुग्णालय ज्यांच्या नांवानें ओळखलें जातें ते हिंदुराव घाटगेच होत. पाटील, कुळकर्णी, चौगुले, पोतदार हीं तर मुळांत कामांचीं नांवें. नाण्यांची पारख करणारा तो पोतदार. काम ज्याच्याकडे गेलें त्याच्याकडे नांवही गेलें. दोन गांवचे दोन पोतदार एकाच वंशाचे असतील असें त्या शब्दावरून ठरत नाहीं.

संताजींचीच गोष्ट घ्यावी. १६७७ त जिंजीच्या बाजूस शिवाजी महाराजांस येऊन मिळालेले संताजी हे शहाजी राजांचे पुत्र, म्हणजे भोसले. त्यानंतर अठरा-एकोणीस वर्षांनीं, त्याच कर्नाटकांत, १६९५ त दोड्डेरीस कासीमखानाचा मोड करणारे आणि १६९६ त बसवापट्टणास हिंमतखानास मारणारे संताजी हे म्हाळोजींचे पुत्र, सेनापति घोरपडे. प्रदेश एक, शत्रुमित्र बहुतेक एक, नांव एक. पण मनुष्य दोन. ज्या कागदांत नुसता 'संताजी' आहे तेथें साल व बापाचें नांव यांखेरीज मार्ग नाहीं.

व्यक्तींप्रमाणें गांवांचीही गत होते. परशुरामभाऊ पटवर्धन १७९९ त कोल्हापूरकरांशीं लढतांना पट्टणकुडीस पडले. तें गांव चिकोडीकडील. हुपरीला लागून असलेलें पट्टणकोडोली हें विठ्ठल-बिरदेवाचें क्षेत्र निराळें. नांवांच्या या साम्यामुळें वीरपुरुषाबरोबर त्याची रणभूमिही चुकण्याचा संभव आहे. म्हणून गांवाचें नांव लिहितांना कर्यात किंवा परगणा लिहिल्याशिवाय टांचण पुरें समजूं नये.

येथवर एकाहून अधिक पुरुषांचा एक होण्याच्या चुका सांगितल्या. याच्या उलट, एका पुरुषाचे दोन करण्याची चूकही तितकीच अनिष्ट आहे. तंजावरचे व्यंकोजी व एकोजी हे एकच. नांवाचीं रूपें दोन. नारो व नारायण, व्यंकट व व्यंकटेश, म्हाळोजी व मालोजी हीं रूपें लेखकाच्या कानाप्रमाणें बदलतात. कानडी बोलणाऱ्या कारकुनानें लिहिलेलें मराठी नांव आणि मराठी कारकुनानें लिहिलेलें कानडी नांव यांचीं रूपें या सीमेवर हटकून निराळीं येतात. आणि दत्तविधानानें तर नांवासह आडनांवही बदलतें. कागलच्या जयसिंगराव घाटग्यांचे पुत्र यशवंतराव १७ मार्च १८८४ रोजीं कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले व शाहू छत्रपति झाले. ही गोष्ट सर्वविश्रुत आहे म्हणून कोणी फसत नाहीं. परंतु गांवच्या पाटलाच्या घरांतून दुसऱ्या तक्षिमेंत दत्तक गेलेल्या मुलाची गोष्ट सर्वविश्रुत नसते. एका शाखेंत तो लहानपणींच नाहींसा झालेला दिसतो, आणि दुसऱ्या शाखेंत मृत आजाच्या नांवानें एकाएकीं मोठा होऊन प्रगट होतो. वंशावळींत एकनामी पुरुष वाढण्याचें हें एक मुख्य द्वार आहे.

आतां हुपरीसारख्या गांवच्या वतनदाराचे कागद हातीं आले असतां काय करावें, तें सांगतों. कल्पना करावी कीं एका पाटील घराण्यांत 'राणोजी बिन संताजी' हें नांव शंभर वर्षांच्या अवधींत आठ कागदांवर आलें आहे. प्रथम प्रत्येक उल्लेखाचें टांचण स्वतंत्र करावें. आठ टांचणें म्हणजे तूर्त आठ माणसें समजावीं. एकत्र करण्याची घाई करूं नये. नंतर तारखांचें ईसवी सनांत रूपांतर करून टांचणें ओळीनें लावावीं. महजरावर निशाणी करणारा पुरुष वयांत आलेला असतो. त्याचें कर्तेपण साठ वर्षांहून फार लांबलेलें दिसलें, तर तेथें दोन पुरुष असल्याचा संशय धरावा. मग आजाचें नांव, तक्षीम थोरली कीं धाकटी, शेताचें व थळाचें नांव, भावांचीं नांवें, साक्षीदारांचीं नांवें, हीं एकेक पाहून टांचणांचे गट पाडावे.

निशाणीविषयीं एक गोष्ट ध्यानांत असावी. पाटलाची निशाणी नांगर, कुळकर्ण्याची लेखणी, आणि बलुत्यांच्या निशाण्या ज्यांच्या त्यांच्या हत्यारांच्या. ही निशाणी हुद्याची असते, व्यक्तीची नव्हे. आजाचा नांगर व नातवाचा नांगर यांत फरक नाहीं. याउलट कागद लिहिणाऱ्या कुळकर्ण्याचें अक्षर हें व्यक्तीचें असतें. चार कागद एका हातचे आहेत असें ठरलें, तर ते एकाच पिढींतले. व त्यांपैकीं एकावर स्पष्ट साल असलें तर बाकीच्यांसही तें आधार देतें. पाटलाची ओळख कुळकर्ण्याच्या अक्षरावरून पटावी, यांत आश्चर्य कांहींच नाहीं.

कागदांचा हेतुही विसरतां कामा नये. कारिना व कैफियत हीं भांडणांत दाखल केलेलीं असतात. ज्यास वडीलपण सिद्ध करावयाचें तो आपल्या शाखेच्या पिढ्या वाढवितो, आणि प्रतिपक्षाच्या एका राणोजीस दोन किंवा दोघांस एक करतो. यासाठीं दोन्ही पक्षांच्या कैफियती व शेवटचें निवाडपत्र एकत्र वाचावीं. ज्या पिढ्या दोघांसही मान्य आहेत त्या बहुधा खऱ्या. याउलट खर्चाची यादी, वसुलाचा ताळेबंद, देवस्थानचा हिशेब अशा रुक्ष कागदांत नांव सहज येतें. त्यास कोणतीही बाजू राखावयाची नसते. अशा कागदांतील एक ओळ कित्येकदां दहा कैफियतींहून अधिक मोलाची ठरते.

या भागांत आणखी एक साधन आहे, तें हेळव्यांचें. बैलावर बसून गांवोगांव फिरणारे हे लोक आपापल्या वांट्यास आलेल्या कुळांच्या वंशावळी सांगतात, नव्या जन्मांची भर घालतात, व मोबदल्यांत धान्य व दक्षिणा घेतात. नाशिक, त्र्यंबक, पंढरपूर, काशी येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्याही अशाच उपयोगी. पण दोहोंचें स्वरूप एक नाहीं. उपाध्यायाच्या वहींतील लेख यात्रेकरूनें त्या दिवशीं स्वतः सांगितलेला असतो, म्हणून तो ज्या पिढीनें लिहविला तिच्यापुरता व तिच्या बापआजापुरता अत्यंत विश्वसनीय. हेळव्याची परंपरा लांब पल्ल्याची. तींत क्रम टिकतो, पण एकापाठोपाठ येणाऱ्या समान जोड्या, जसें संताजी-राणोजी-संताजी-राणोजी, म्हणण्यांत गळून जाण्याचा संभव असतो. दोन्ही साक्षी घ्याव्या, आणि कागदानें ताडाव्या.

इतकें करूनही कांहीं टांचणें कोणत्याच गटांत बसत नाहींत. तीं तशींच बाजूस ठेवावीं व वंशावळींत प्रश्नचिन्हानें दाखवावीं. शंका असलेल्या ठिकाणीं शंका लिहून ठेवणें हा वंशावळीचा कमीपणा नाहीं. पुढें एखादा रुमाल सुटला, तर त्या चिन्हाच्या जागीं नांव लिहितां येतें. परंतु खोट्या खात्रीनें जोडलेली कडी उकलण्याचें कोणाच्या मनांतही येत नाहीं.

शेवटीं या सर्व खटाटोपाचें प्रयोजन काय, असें कोणी विचारील. पूर्वजाचें नांव नातवास ठेवतांना आमच्या वडिलांचा हेतु त्या पूर्वजाचें स्मरण राहावें हाच होता. परंतु स्मरणासाठीं ठेवलेल्या नांवानेंच त्या पूर्वजास झांकून टाकलें. कर्तबगार नातवाच्या उजेडांत साधा आजा दिसेनासा झाला. अल्पायुषी, निपुत्रिक, कर्जांत बुडालेला असा एखादा व्यंकटराव किंवा राणोजी दुसऱ्याच्या आयुष्यांत विरून गेला. त्यास त्याचीं चार वर्षें, त्याचें एक शेत, त्याची बायको आणि त्याची एक निशाणी परत मिळवून देणें, एवढेंच एकनामी पूर्वजांच्या निर्णयाचें काम आहे. हुपरी, रेंदाळ, पट्टणकोडोली व आसपासच्या गांवांतील ज्या कुटुंबांपाशीं असे रुमाल आहेत, त्यांनीं ते वाळवीच्या हवालीं न करितां त्यांच्या नकला करून ठेवाव्या, आणि मोडी वाचतां येणाऱ्या तरुणांनीं प्रत्येक नांवामागें एक निराळा मनुष्य आहे असें गृहीत धरूनच कामास आरंभ करावा, अशी आमची विनंति आहे.